पाण्याचे डाग

शारजा, इंडस्ट्रियल एरिया अकरा.
काळी लँड क्रूझर. बॉनेटभर पांढरी वर्तुळं.
कुणीतरी फवाऱ्याशेजारी लावून ठेवली,
आठवडाभर, जुलैत.
पाणी उडून गेलं.
त्यात जे पाणी नव्हतं, ते राहिलं.

अर्धं व्हिनेगर, अर्धं बाटलीतलं पाणी.
पत्रा गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही,
इनायत मुकादम पहिल्याच दिवशी ओरडले होते.
फडकं नुसतं ठेवायचं. शंभर मोजायचे.
मी मराठीत मोजतो,
एकोणऐंशीला दर वेळी अडखळतो.

बहुतेक विरघळले.
तीन राहिले, ड्रायव्हरच्या बाजूला.
नख फिरवलं तर अडकलं.
"हा डाग नाय रे," इनायतभाई वाकून म्हणाले,
"इथं वरचा थरच खाल्लाय.
आता बाजूचं सगळं त्याच्याइतकं उतरव."

मशीन लावलं.
जिथं काहीच झालं नव्हतं तिथूनही
केसाहून पातळ काढत गेलो.

संध्याकाळी दारात माझी पाठ दिसली,
शर्टावर मिठाची वर्तुळं,
एकात एक.

मालक आला. बोट फिरवलं. खूश.
दहा दिरहम हातावर ठेवून म्हणाला,
धूळ बसलीये, जरा पाणी मार.

मी आधी कोरडं फडकं शोधलं.