ताण

डिसेंबर लागला की मी बागेचं पाणी तोडतो.
आंबिया धरायचा तर संत्र्याला ताण द्यावाच लागतो.
किती दिवस, ते जमीन सांगते.
मी रोज पहाटे पानं पाहतो.
पान मिटू लागलं, खालचं पिवळं पडून गळालं,
म्हणजे पुरे.
त्यापुढे आठवडाभर जरी ताणलं
तर फांदी सल धरते,
फूल राहिलं बाजूला, झाडच जातं.

हे मला कळतं. ह्यात मला कोणी शिकवू नये.

प्रणाली दहावीला.
जूनमध्येच मी टीव्हीची छत्री उतरवली,
मामाच्या लग्नाला तिला नेलं नाही.
वरुडच्या क्लासहून आली की
चप्पल काढायच्या आत : किती पडले?
आणि लगेच : निंभोरकरच्या पोराले किती?
आधी ती सगळं सांगायची.
मग नुसता आकडा.
मग काहीच नाही, सरळ आत.

जानेवारीत ठिबकची पावती शोधताना
तिच्या दप्तराखाली पेपर सापडला.
भूमिती. चाळीसपैकी अकरा.
खाली पालकाची सही : गु. रा. डहाके.
मी केली नव्हती.
वहीच्या मागच्या पानावर मीच मी,
ओळीनं साठ-सत्तर वेळा,
वरच्या ओळींत थरथरता,
खाली येईस्तोवर पक्का.

बायको पोळी लाटता लाटता म्हणाली,
"बोलू नोका काही. जाऊन बसा फक्त तिच्यापाशी."

बसलो. तिनं माझ्या हातातला पेपर पाहिला
आणि तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले.
मी आजवर कधी हात उचललेला नाही.
तरी.

बोलायचं नव्हतं, म्हणून तिचाच पेन घेतला,
तिच्या सहीखाली माझी केली.
वाकडी आली. के तर पार आडवा पडला.
"तुहीच बरी हाय," मी म्हणालो.
तिनं दोन्ही सह्या बराच वेळ पाहिल्या.
नाकातून काहीतरी आवाज आला,
हसू होतं की सर्दी, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बागेचा ताण तोडला.
मानकर धुऱ्यावरून ओरडले, "औंदा लवकर?"
पहिलं पाणी हलकं सोडतात. आंबवणी म्हणतात त्याला.
आळं भरायचं नसतं,
माती नुसती ओली व्हावी.
बहर फुटतो का, ते पुढं दिसतं.