पाटीचा दगड

ऑक्टोबर छाटणीआधीचे दहा दिवस
बाग रिकामी असते, माणूसही.
तेवढ्यात संघानं आम्हा चौदा जणांना
नान्नजच्या थांब्यावरून उचललं
आणि मोझेल नावाच्या नदीकाठी नेऊन सोडलं.
पत्रावर छापलं होतं: अभ्यास दौरा.
गावानं आधीच ठरवलं होतं: प्यायला चाललेत.

नदी भरलेली, काठोकाठ, सप्टेंबरात.
आमची सीना वर्षातले सहा महिने
स्वतःचीच वाट बघत पडून असते.
डोंगर इतका उभा
की खांबाला वेल बांधतात तसं
मजुरालाही बांधत असतील, वाटलं.

संध्याकाळी उत्सव.
गल्लीभर पिंपं, बँड, भाजलेलं मांस.
पेल्याचे तीन युरो आधी ठेवून घेतात,
पेला दिला की पैसे परत.
गुरुसिद्धनं पेला गुपचूप पिशवीत घातला,
म्हणाला, एवढ्यात असला काचेचा
नवी पेठेत मिळायचा नाही.

मग द्राक्षराणी आली. योहाना नावाची पोरगी.
डोक्यावर मुकुट, हिरवा झगा,
आणि नखांत काळी माती.
त्या नखांमुळं बोलायचा धीर झाला.
तिनं विचारलं, तुमची वाइन कशी असते?
मी म्हणालो, आम्ही द्राक्षं खातो,
उरली तर वाळवतो.
ती हसली नाही. म्हणाली, सगळी?

त्यांचे मणी हरभऱ्याएवढे. आत बिया.
आमच्या व्यापाऱ्याच्या अठरा मिलिमीटरच्या कडीतून
घडच्या घड घरंगळले असते,
क्रेटला हातसुद्धा लावला नसता त्यानं.

खोटं कशाला बोलू, एक घोट घेतला.
आधी आंबट.
मग थुंकी लावून पाटी पुसताना
जिभेला जी लागायची, ती चव.
नान्नजच्या शाळेची. तिसरीतली.

दुसऱ्या दिवशी कळलं, ती जमीनच पाटीची.
बागेत पायाखाली काळे पातळ तुकडे,
चाललं की खळखळ वाजणारे.
गुद्रूनबाई सांगत होत्या,
हा दगड दिवसभर ऊन पितो
आणि रात्री वेलीला देतो,
त्याचे फार उपकार आहेत.
मला आमची मे महिन्यातली फरशी आठवली,
रात्री दोनपर्यंत तीही ऊन देत राहते.
उपकार कुणी मानलेले ऐकले नाहीत.

त्यांना शेंगाची चटणी दिली, चमचाभर.
डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा मागितली.
मग खुंटाची गोष्ट निघाली.
त्यांच्या वेलीची मुळं अमेरिकेची.
आमचा डॉगरिजही तिकडचाच.
दोघंही थोडा वेळ जमिनीकडं बघत राहिलो.

वेल बर्फात झोपते, त्या म्हणाल्या.
मी विचारलं, मग उठवतं कोण?
त्या म्हणाल्या, मार्च.

आमच्याकडं ते काम मल्लम्मा करते.
रबरी हातमोजे घालून,
एकेका डोळ्याला पेस्ट लावत,
ओळीमागून ओळ,
तोंडाला ओढणी, पाठीवर ऊन.
वेलीला झोप लागलेली असो नसो.

आज तिसरी ओळ संपवून ती सावलीला बसली.
मी सगळं सांगितलं,
नदी, मुकुट, डोंगरावर चढणारी इवलीशी रेल्वे.
कडक भाकरी मोडत तिनं ऐकलं.
मग विचारलं,
तिकडं बायांना हजेरी किती?

चौदा जण होतो आम्ही.
वह्या भरून आणल्या.
हे कुणी विचारलंच नव्हतं.

खिशात तो तुकडा होता, तिकडून आणलेला.
काय दाखवायचं म्हणून दाखवला.
तिनं उलटापालटा केला, नखानं वाजवला,
पाटीच की ही, म्हणाली.
शेडमधला खिळा घेतला
आणि पांढऱ्या, बारीक, वाकड्या आकड्यांत
आजच्या वेली लिहून ठेवल्या:
चारशे बारा.