इंजिनघर

तू नेमकी कधी सुरू झालीस, ठाऊक नाही.
इंजिनाचं असं नसतं.
किती वाजता चालू, किती वाजता बंद, डिझेल किती,
सगळं वहीत लिहून खाली सही करायची असते.
तुझी पहिली नोंद कुणीच केली नाही.
तीन आठवड्यांत काळीज हलायला लागतं म्हणे.
त्या सुमारास आम्ही दोघं
वीजबिलावरून भांडत होतो.

दीड महिन्याची असताना तुला शेपटी होती.
डॉक्टर शिरवईकरबाईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर दाखवली.
घरी येऊन सांगितलं, तर सुकांती म्हणाली,
"तुमच्या बाजूची असेल."

मग हातांच्या जागी दोन वल्ही,
वल्ह्यांना खाचा.
बोटं कुणी लावली नाहीत,
मधलं मधलं झडून गेलं
आणि उरलं त्याला बोटं म्हणायचं.
बोल्ट पिळता पिळता
कितीतरी दिवस मी माझा पंजा उघडून बघायचो.

जन्माआधी तू अकरा वेळा मांडवी ओलांडलीस.
चोडण ते रायबंदर, पुढे बांबोळीची बस.
पायी माणसाला तिकीट नसतं,
तू तर पायीही नव्हतीस.
सिस्टर एर्मेलिंडांनी पोटावर डबी टेकवली,
खोलीभर काहीतरी चौखूर धावलं.
मी म्हटलं, स्पीड जास्त वाटतोय.
"एकशे चाळीस," त्या म्हणाल्या,
"तुमच्या बोटीपेक्षा नीट चाललंय, पात्रांव."

पाचव्या महिन्यात लाथ मारलीस ती बोटीवरच,
धक्क्याला टेकण्याआधी उलटा गियर पडतो, तेव्हा.
पुढे दर खेपेला, त्याच आवाजाला.
म्हणजे तोंड बघण्याआधी
माझा हात तुला कळत होता.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आलीस,
घरी माटोळी अजून टांगलेलीच.
डोक्यावर एक मऊ जागा होती,
कातडीखाली तिथं काहीतरी उडायचं.
इतकं नाजूक यंत्र
आणि झाकण न लावता पाठवलं!
वर्षभर मी तुला घेताना मान वाकडी करून
छपराच्या वाशांकडे बघत राहिलो.

पुढचं भराभर झालं, की माझ्या शिफ्टांमुळे तसं वाटलं.
सकाळी रांगणारी, रात्री उंबऱ्याला धरून उभी.
पदराखाली वाटी लपवली की वाटी संपली,
असं मानणारी तू
एके दिवशी पदर उचलून पाहिलास.
त्यानंतर मी कामावर निघालो
की दाराकडे बघून रडायला लागलीस.
आधी मी नुसता नसायचो.
आता मी कुठंतरी असायचो.

चौथ्या वर्षी पहिलं खोटं.
मानकुराद मांजरानं खाल्ला म्हणालीस,
बाठा तुझ्याच फ्रॉकच्या खिशात.
रागावलो, रात्री पोटभर हसलो,
मग दिवा मालवताना सुकांती म्हणाली,
"हिच्या आत आता एक खोली झाली.
तिची किल्ली आपल्याकडे नाही."

पहिला पडलेला दात तू कौलांवर फेकलास,
तो पन्हळीत अडकला.
अजून तिथंच असेल.

आज पाचवी. पहिल्यांदा एकटी पलीकडे.
डबा, छत्री, एक नंबर मोठे बूट.
धक्क्यावर माझ्याकडे न बघता पुढे गेलीस,
मैत्रिणी होत्या.

मी खाली.
अंधार, ऊब, धडधड,
आणि लोखंडापलीकडून येणारे बुजके आवाज:
स्कूटरी, नुस्तेकारणीची पाटी, कुणाचा तरी खोकला.
वरचं इथून काही दिसत नाही.
दीडशे पावलांतून एक जोडी ओळखू आली,
डावा बूट जरा जास्त आपटतो.
ती पार पुढच्या टोकाला जाऊन थांबली.

घंटी झाली.
उलटा गियर टाकला.

वरून टाच आपटली,
दोनदा.