खापर

खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायचंच होतं.
अथेन्सनं फैनिप्पोस निवडला. दहा वर्षं हद्दपार.

दुसऱ्या दिवशी नाव कोरलेल्या खापरांची रास
गाढवांवरून कुंभारआळीत आली,
खड्डा बुजवायला.

स्मिकोनला अक्षर येत नाही.
त्यानं एक तुकडा उचलला, थुंकी लावून पुसला:
कान जोडताना रुतलेला आपलाच अंगठा,
नखाजवळ तिरपा व्रण.

हा तर लग्नातला घडा.
फैनिप्पोसच्या नवरीच्या न्हाणासाठी घडवलेला,
त्या उंबऱ्याबाहेर कधी न गेलेला.

"काय लिहिलंय रे?"
गाढववाल्या पोरानं बोट फिरवलं,
"फै... नि..."

"पुरे."

तुकडा त्यानं खड्ड्यात टाकला नाही.
ओल्या मातीच्या कुंडीत बुडवून ठेवला,
भाजलेलं भिजत नाही
हे ठाऊक असून.