सराटे

या गावाचं नाव आहो.
स्पॅनिशमध्ये लसूण, म्हणे.
आई फोनवर हसली होती पहिल्यांदा ऐकून:
"आता आख्ख्या गावालाच हाक मारत बस."
मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं
आणि तिनं घाईनं इथलं ऊन विचारलं.

तर आहोच्या मागे, तांब्याची खाण बंद पडून
मातीचा पांढरट डोंगर उरलाय,
तिथे डांबर सोडायचं.
पहिले सहा मैल पन्हाळी पत्रा.
ट्रक जाऊन जाऊन रस्त्याला पडलेल्या वळ्या,
त्यांवर सायकल चालत नाही,
कढईतल्या शेंगदाण्यासारखी तडतडते:
चष्मा, बाटल्या, पाना, डेल्फिनाची कवळी.
"हळू गेलीस तर जास्त हादरशील," ती पुढून ओरडते.
ती एकाहत्तरची. खाणीत डंपर चालवायची.
"वेग धर. हात सैल सोड.
आवळलंस की रस्ता थेट खांद्यात शिरतो."
मी अठ्ठावन्नची. अजून आवळतेच.

पुढे ओढा. म्हणजे नुसती वाळू,
पाणी कधीतरी इथून गेलं एवढाच पुरावा.
पुढचं चाक रुततं, उतरायचं, ढकलायचं,
बुटात अर्धा अॅरिझोना.
दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंग.
हात वर केलेली माणसं म्हणतात त्यांना सगळे;
मला बाटल्या धुवायचे ब्रश दिसतात.

अकराव्या मैलावर मागचं चाक मऊ पडलं.
टायरमधून पांढरा चीक बुडबुडत बाहेर,
रुईचं पान खुडल्यासारखा.
डेल्फिनानं काटा उपटून तळहातावर धरला.
"बकरीचं डोकं." इथे तसंच म्हणतात, शिंगं असतात म्हणून.
"सराटा," मी म्हणाले.
तिनं मान वर केली.

सराटा. करमाळ्याच्या शाळेच्या मैदानात
खो-खो खेळताना टाचेत मोडायचा, तोच.
तीच शिंगं, तोच वाळका पिवळेपणा.
एकवीस वर्षांत इथल्या कुठल्याच गोष्टीचं नाव
मला आधीपासून ठाऊक नव्हतं.
तिनं दोनदा म्हणून पाहिलं. ट जमला नाही.
तोवर चीक सुकला, भोक बुजलं.

सतराव्या मैलावर, पालो वेर्देच्या झाडाखाली,
मागच्या रविवारी आम्ही दोन कॅन पुरले होते,
गॅलन-गॅलन पाणी.
खूण म्हणून तीन दगड, एकावर एक.
दगड होते. क्रम वेगळा होता.
एक कॅन भरलेला.
दुसरा रिकामा,
झाकण घट्ट फिरवून लावलेलं,
आडवा निजवून वर वाळू सारलेली,
पाहुण्यानं सकाळी अंथरूण आवरून जावं
इतकी नीट.

डेल्फिना दक्षिणेकडे बघत राहिली. मग उत्तरेकडे.
वाळूत पावलं नव्हती, वाऱ्यानं ठेवली नव्हती.
मी उगीच एकदा हाक मारली: अहो!
तिला वाटलं, गावाचं नाव घेतेय.
"ते तिकडे," तिनं बोट दाखवलं.

परतीचे सतरा मैल, ऊन अठ्ठ्याण्णव.
बाटल्या भरताना तिचा हात पाऊण बाटलीशी थांबला.
मीही माझी तिथेच थांबवली.
हिशेब कुणीच बोलून दाखवला नाही.
उरलेलं पाणी कॅनमध्ये, कॅन खड्ड्यात.
शेजारी गुळपापडीच्या दोन वड्या, कागदात गुंडाळून.
मुंग्या लागतील, वाटलं. ठेवल्याच.
दगड मी पुन्हा रचले,
त्या माणसानं ठेवले होते त्या क्रमानं.

मग पन्हाळी पत्रा, सहा मैल,
आणि पाऊण भरलेल्या बाटल्या
सबंध वाट डचमळत राहिल्या.