ऊ

शाळेतून चिठ्ठी आली. गुलाबी कागदावर,
जणू कुणाच्या मुंजीचं बोलावणं.
मुलीच्या डोक्यात उवा आहेत,
कृपया लक्ष द्यावे.

हेमांगीची रात्रपाळी, सयाजी हॉस्पिटल, लहान मुलांचा वॉर्ड.
चपला घालता घालता म्हणाली, तूच बघ या वेळी.
शेजारच्या दक्षाबेन सीताफळाच्या बिया वाटून देतील,
घ्यायच्या, आभार मानायचे, लावायच्या नाहीत,
डोळ्यांत गेलं तर रडत माझ्याच वॉर्डात याल.
केस ओले करायचे, बारीक दातांची फणी,
मुळापासून टोकापर्यंत, दोन दिवसांआड, पंधरा दिवस.
आणि ओरडायचं नाही.

शेवटचं तिनं जिन्यावरून पुन्हा सांगितलं.

मकरपुऱ्याच्या कारखान्यात मी बेअरिंगं तपासतो.
केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी चूक
मला भिंगाखाली दिसते, मी ती बाजूला काढतो,
वर्षाला एक प्रशस्तिपत्र मिळतं.
पण तन्मयीचं डोकं इतक्या जवळून
मी जावळ काढलं त्या दिवशी पाहिलं होतं.
नऊ वर्षं झाली.

गच्चीत पाट. पाटावर ती, मागे स्टुलावर मी,
मांडीवर जुना पांढरा अभ्रा.
खाली दांडिया बाजारात कुणीतरी स्कूटरला लाथा मारतंय.
"जू मिळाली?" ती विचारते.
शाळा गुजराती, खेळ गुजराती, भांडण तर गुजरातीच.
"आपल्यात ऊ म्हणतात."
"नुसतं ऊ?"
"नुसतं. एक अक्षर, एक जीव."
अंगठ्याच्या नखावर टच् वाजलं.
"संपलं अक्षर," ती म्हणाली,
आणि आम्ही दोघं हसलो, जरा जास्तच.

तिसऱ्या खेपेला ती बोलायला लागली.
मला तिचा चेहरा दिसत नव्हता, तिला माझा.
"हेतवी माझ्या बाकावर बसत नाही."
"उवांमुळे?"
"नाही रे बाबा. आधीपासून. नवरात्रापासून.
गरब्यात माझा पाय तिच्या पायावर पडला,
ती म्हणाली, तुला येत नाही तर येतेस कशाला.
मग गोल फिरत राहिला.
मी पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिले."

फणी थांबली.
ओरडायचं नाही, हे लक्षात होतं,
पण ओरडायला समोर होतं तरी कोण?
मी पुढची बट घेतली.
कानामागे तांदळाएवढा व्रण सापडला.
"हा कशाचा?"
"जुना आहे. आईला माहिती आहे."

आईला माहिती आहे.
तीन शब्दांची ही वही
आमच्या घरात कुठल्या फळीवर असते
ते मी कधी विचारलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी हेमांगी ड्यूटीवरून आली,
खांद्याची पिशवी खांद्यावरच,
मोबाईलच्या उजेडात भांगामागून भांग तपासला.
"स्वच्छ," म्हणाली, मला म्हणाली, "शाब्बास,"
आणि पडदे ओढून झोपली.
मी फणी उकळत्या पाण्यातून काढली,
पुसली, कपाटात ठेवली, वरच्या कप्प्यात.

रविवारी उन्हं कलल्यावर
गच्चीत पाट सरकवल्याचा आवाज.
वरच्या कप्प्यातली फणी तिनं कशी काढली कोण जाणे.
"अजून एक असेल," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.
"असेल," मी म्हणालो. "लपून बसतात."

केस कोरडेच होते. ओले करायचं
दोघांनीही विसरून टाकलं.
बराच वेळ नुसती फणी चालली,
सूरसागराकडून वारा आला, अभ्रा उडाला, कोराच.
मग ती म्हणाली,
"बाबा, तुझ्या बाकावर बसायचं का रे कुणी?"

मी भांग पाडला.
मोडला.
पुन्हा पाडला.