बाहेर पडल्याची वेळ

रात्री तीन दहाला फोन वाजला तेव्हा
सर्व्हर मेलेला नव्हता.
मेला असता तर सोपं होतं.
मेमरी शाबूत, डिस्क अर्धी रिकामी,
फक्त नव्या कुणाला दार उघडत नव्हता.
एक हजार चोवीस हात,
आणि सगळे कुणाचा ना कुणाचा हात धरून बसलेले.

घरचं नेट गेलेलं, म्हणून स्कूटर काढून खराडीला आले.

आमचं काम पाण्याच्या मीटरांचं.
धायरी, उंड्री, आंबेगाव पठार,
गच्चीवर टाकीशेजारी एक राखाडी डबी,
पोटात सिमकार्ड.
दर पंधरा मिनिटांनी सांगते, इतके लिटर गेले.
'कुठे गळतंय ते आम्ही शोधतो.'
हे वाक्य सेल्सच्या पोरांना मीच लिहून दिलं होतं.

पठारावर वारा सुटला की रेंज जाते.
डबी वाक्याच्या मधोमध गप्प होते,
चारशे बा
आणि पुढे काहीच नाही.

आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत,
येतो म्हणतात.
आमच्या प्रोग्रॅमने हे फारच मनावर घेतलेलं.
गेलेल्या प्रत्येकासाठी एक दार, एक नंबर राखून ठेवलेला.
मी यादी काढली. नऊशे अठ्ठ्याहत्तर ओळी,
प्रत्येकीसमोर एकच शेरा:
ओळख पटत नाही.

चूक दोन ओळींची होती.
वाचताना अडचण आली तर
    नोंद कर
    परत फीर.
नोंद केली होती, इमानेइतबारे,
नऊशे अठ्ठ्याहत्तर वेळा: संपर्क तुटला.
हात तेवढा सोडायचा राहिला.

एरवी दर गुरुवारी नवी आवृत्ती चढते,
सर्व्हर नव्याने सुरू होतो, पाप आपोआप धुतलं जातं.
यंदा दिवाळीमुळे तीन आठवडे कुणी हात लावला नव्हता.

ओळींच्या बाजूला लिहिणाऱ्याचं नाव. माझं.
पाच वर्षांपूर्वीचं.
खाली हेरंबचा प्रश्न,
'मध्येच लाइन तुटली तर?'
त्याखाली मी,
'नंतर बघू.'

हेरंब आता रॉटरडॅमला असतो.
विमानतळावरून लिहिलं होतं, पोचलो की कळवतो.
पोचला असणारच.

एक ओळ घातली: काहीही होवो, जाताना बंद कर.
आणखी एक: तीस सेकंदांहून जास्त वाट बघू नकोस.
सर्व्हर उठवला. आकडा एकतीसवर आला.
पठारावरच्या डबीने राहिलेलं वाक्य पुन्हा पाठवलं,
चारशे बावन्न.
मला उगाच वाटत होतं, बारा.

साडेपाचला गेटवर लोंढेमामांनी रजिस्टर पुढे सरकवलं.
नाव, गाडी नंबर, आत आल्याची वेळ.
शेवटचा रकाना पानभर कोरा.
मागची पानं उलटली, तीही तशीच.
एसीवाला, बिर्याणीचा पोरगा,
मुलाखतीला आलेली कुणी शलाका नगरकर,
कागदोपत्री सगळे अजून वरच.

'मामा, हे बाहेरचं कुणी लिहीत नाही?'
'जाणाऱ्याला घाई असते मॅडम.
आणि गेला ते दिसतंच की.'
'मग रजिस्टर भरलं की?'
'नवीन आणतात.'

माझ्या ओळीपुढे ५:३४ लिहिलं.
पेन उमटेना, दोनदा गिरवलं.
मग स्कूटरवर बसल्या बसल्या फोन काढला,
हेरंब, पोचलास का?

एकच टिक.

मुंढव्याला रस्ता रिकामा होता, सिग्नल लाल.
थांबले. फोन पुन्हा बघितला.
वर आकडे उतरत होते,
तीस, एकोणतीस.